बांधावरच्या निर्गुडीला दिलेलं आवतन

बाई, बांधावरच्या निर्गुडीच्या बुंध्याशी तू ठेवलेले तांदूळ मुंग्यांनी नेले. हळदकुंकू तेवढं राहिलंय, तेही दवानं ओलं होऊन मातीत उतरत चाललंय. तुझं तेरावं परवा झालं. पाहुणे गेले, भाड्याच्या सतरंज्या परत गेल्या, आणि आज दुपारी मी पहिल्यांदा त्या बांधावर जाऊन उभी राहिले.

आधी एक सांगते. जिवंत होतीस तोवर तुला कधी 'तू' म्हणाले नाही. थोरली जाऊ, तिला 'तुमी'च म्हणायचं, असं लग्नातच बजावून पाठवलं होतं मला. तू कितीदा म्हणालीस, "ए शकू, तू म्हन की मला. मी काय सासू हाय का तुझी?" माझी जीभ वळली नाही. आता वळतेय. गेलेल्या माणसाला 'तू' म्हटलेलं चालतं, देवाला चालतं तसं. आणि खरं सांगू का, मला तुझ्याशी भांडायचंय, आणि 'तुमी' म्हणून भांडण काही रंगत नाही.

निर्गुडीचा पाला आणायचा तर आदल्या दिवशी मावळतीला जाऊन तिला आवतन द्यायचं, ही तुझी रीत. बुंध्याशी चिमूटभर हळदकुंकू, चार तांदूळ, आणि मोठ्यानं सांगायचं की उद्या सकाळी न्यायला येते, अमक्याच्या कमरेसाठी, तमकीच्या खांद्यासाठी. नाव घ्यायचंच. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला जायचं. पाण्याच्या बाजूच्या फांद्यांना हात लावायचा नाही, त्यांनी काठ धरून ठेवलेला असतो. वरच्या अंगाचा पाला तेवढा ओटीत घ्यायचा. वडवणीकडच्या तुझ्या माहेरात तुझ्या आईनं तुला हे शिकवलं. "जेवायला बोलवायचं तर आवतन देतो का न्हाई आपुन मानसाला? मंग हिलाच कावून वरबाडून आनायचं?" असं तू विचारायचीस. मी हसायचे. म्हणायचे, "बाई, झाडाला काय ऐकू येतं का?" तर तू म्हणालीस, "तुझ्या अंगनवाडीतल्या पोरांना तरी कुटं येतं? तरी तू दिवसभर बोलतीसच ना?"

गावाखालचा ओढा तेव्हा ओढ्यासारखा होता. मधे काळा खडक, त्याच्या कडेनं चिखल, चिखलात लव्हाळा, आणि दोन्ही काठांनी निर्गुडीची जाळी. फुलायची तेव्हा जांभळा रंग सावलीत लपून बसल्यासारखा दिसायचा. वास मात्र लपत नसे. पोळ्याच्या पुढं-मागं पूर आला की सगळी जाळी आडवी व्हायची, तिच्यावर काडीकचरा, चिंध्या, एकदा तर कुणाची तरी चप्पल अडकलेली. पाणी उतरलं की आठवड्याभरात जाळी पुन्हा उभी.

पाडव्याच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या परत यायच्या. ट्रॅक्टर गावात शिरला की दुसऱ्या दिवसापासून तुझ्या अंगणात बायांची रांग लागायची. मोठा हंडा, तीन दगडांची चूल, पाण्यात पाला आणि मीठ. पोत्यावर पालथं पडायचं, आणि तू गरम पाण्यात फडकं बुडवून, पिळून कमरेवर टाकायचीस. वरच्या आळीची लंका तर हंड्याचं झाकण निघायच्या आधीच कण्हायला लागायची. "आगं, अजून फडकं लावलं न्हाई मी," तू म्हणायचीस. "लावन्याआधीच गुन यायलाय मला," लंका म्हणायची. अख्खं अंगण हसायचं. महिनोन्‌महिने उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकवर चढलेल्या त्या बाया, त्यांच्या माना खांद्यात रुतलेल्या, आणि तिथं पालथ्या पडून पोरींसारख्या हसायच्या. मी दारात उभी राहून ते बघायचे, त्यांच्यात येऊन बसायचे नाही.

कारण मी कधी तोडीला गेले नाही. तू आणि थोरले दीर, तुमचा नवरा-बायकोचा एक कोयता, ते होते तोवर वर्षानुवर्षं गेलात. मी आणि माझा नवरा घरी राहिलो. म्हातारी माणसं, तुझी पोरं, माझी पोरं, दोन म्हशी, सगळं माझ्याकडं. पुढं अंगणवाडीचं काम मिळालं आणि मी गावाची ताई झाले. कुणी जायचं आणि कुणी राहायचं, हे घरातल्या मोठ्यांनी ठरवलं होतं, तुला-मला कुणी विचारलं नव्हतं. तू त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीस. एकदाच काढलास, तोही अख्ख्या गावासमोर.

ओढ्याच्या खोलीकरणाचं काम गावात आलं, तेव्हाची ती ग्रामसभा. शाळेच्या व्हरांड्यात सगळे बसलेले. पोकलेन येणार, ओढा रुंद करणार, खोल करणार, पाणी साठणार. मी उठून म्हणाले की मधला गाळ काढा, काठाला हात लावू नका. काठावर निर्गुडी आहे, लव्हाळा आहे, ते गेलं तर काठ ढासळेल. बापेमाणसं एकमेकांकडं बघून गालात हसत होती. मी तुझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता तू उठशील. उठलीस पण.

"खोदा," तू म्हणालीस. "काठासकट खोदा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"ही माझी जाऊ म्हणती निर्गुडी राहू द्या," तू सगळ्यांना सांगत होतीस, पण बघत होतीस माझ्याकडं. "मला सांगा, निर्गुडी लागती कशाला? ऊस तोडून मोडलेल्या कमरांना. पानी राह्यलं तर मानसं गावात राहतील. मानसं राह्यली तर कमरा मोडनार न्हाईत. मंग काय करायचीय निर्गुडी? शकू, तुला झाड दिसतं. तू कधी गेलती का फडात?"

गालात हसणारी बापेमाणसं खाली बघायला लागली. मी खाली बसले. त्या दिवशी तुझा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नसेल. आणि त्याच क्षणी मला हेही कळत होतं की तू खरं बोललीस. तो राग आणि ते कळणं, दोन्ही माझ्यात अजून तशीच आहेत, एकानं दुसऱ्याला बाहेर काढलेलं नाही.

त्यानंतर किती दिवस आपण बोललो नाही, आठवतं? एक भिंत मधे, एक विहीर, एक गोठा, आणि दोघींची तोंडं दोन दिशांना. मग तू म्हशीशी बोलायला लागलीस. "काय गं, आज कुनी तुला पेंड घातली न्हाई का? घरातली मानसं लई कामात हायेत वाटतं." मी पण म्हशीलाच सांगायचे, "घातली की सकाळीच. कुणाला दिसत नसेल तर डोळे तपासून यावं सिरसाळ्याला." त्या म्हशीनं आपल्या दोघींचं जेवढं ऐकून घेतलं तेवढं कुण्या भावकीनं घेतलं नसतं. शेवटी ती व्यायला लागली आणि वासरू अडलं, तेव्हा दोघींनी मिळून ओढलं. मग बोलणं सुरू झालं, पण त्या विषयाला दोघीही हात लावत नव्हतो.

पोकलेन यायच्या आदल्या दिवशी मावळतीला तू ओढ्यावर गेलीस. मी आपल्या शेतातनं बघत होते. पहिल्या झुडपापाशी बसलीस, ओटीतले तांदूळ ठेवलेस. मग दुसऱ्यापाशी, मग तिसऱ्यापाशी. सगळ्या जाळीला जाऊन आलीस तू. तुझा आवाज वाऱ्यानं माझ्यापर्यंत आला. "उद्या न्यायला येतील. समद्या गावाच्या कमरांसाठी." आणि मग कितीतरी वेळ तशीच बसून राहिलीस, डोक्यावरचा पदर पार डोळ्यांवर ओढून. मी तिथं यायला हवं होतं की नको होतं, मला आजही सांगता येत नाही. तुझा तो पदर मात्र मी विसरलेले नाही. 'खोदा' म्हणणाऱ्या बाईचा तो पदर नव्हता.

दुसऱ्या दिवशी पोकलेन उतरायच्या आत मी विळा घेऊन गेले आणि जाळीच्या चांगल्या जून काड्या तोडून आणल्या. आपल्या सामाईक विहिरीच्या बांधावर लावल्या. बाकीच्या वाळल्या, एक जगली. तुला कळलं तेव्हा तू बांधावर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस.

"आवतन दिलतं का?"

"मी आणली नाही बाई, मी वाचवली."

"लावलेली निर्गुडी गुन देत न्हाई, शकू."

"का नाही देत? पाला तोच, वास तोच."

"वडाची निर्गुडी पुरात आडवी व्हती. पानी उतरलं की आपली आपुन उभी राहती. तिलाच कमरेचं कळतं. ही तुझी बांधावरची, हिला शेनखत घाल, पानी घाल. ही कधी आडवी झालीय का?"

वड म्हणजे ओढा, तुझ्या बोलीतला. मला तुझं हसू आलं आणि रागही आला. नंतर शेजारी कुणी आलं की मी मुद्दाम तुला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचे, "आमच्या बाईंची निर्गुडी शाळा शिकलेली लागते, पुराची परीक्षा पास झालेली." तू नाक मुरडायचीस. पण त्या झुडपाचं एक पान तू कधी खुडलं नाहीस. शेळी तोंड लावायला लागली तर तिला हाकलायचीस मात्र. हे मी बघितलंय.

पहिल्या पावसाळ्यानंतर ओढ्यात पाणी उभं राहिलं. एवढं पाणी गावानं बघितलं नव्हतं. तू काठावर उभी राहून लांबूनच मला हाक मारलीस, "ए ताई, ये की बघायला! का डोळे तपासून येतीस आधी?" माझं वाक्य माझ्याच तोंडावर मारलंस. मी आले. आणि बाई, पाणी बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मग पाणी उपसायच्या मोटारी आल्या. ज्यांची रानं काठाला, त्यांच्या मोटारी. त्यांनी त्या पाण्यावर लावलं काय, तर ऊस! आपल्या गावातल्या माणसांनी परमुलखात जाऊन तोडायचा तोच ऊस आता आपल्याच ओढ्याकाठी उभा, आणि बाकीचं गाव दसरा झाला की ट्रॅक्टरात बसून निघालंच. काठ उभा कापलेला, त्याला धरायला मुळं नाहीत. दरसाल पावसात त्याची ढेकळं पाण्यात कोसळतात. आता तिथं बेशरमीची झुडपं माजलीत, ती कुणी खात नाही आणि त्यांचा कशाला उपयोगही नाही. बापूराव मेंढरं घेऊन तिथं उभे राहतात आणि शिव्या घालतात. "पानी दिसायलंय, पर जनावराला खाली उतरायला वाट न्हाई. काय चाटावं का नुसतं नजरेनं?" असं ते मला म्हणाले, आणि मी ते जसंच्या तसं येऊन तुला सांगितलं. सांगताना मला आनंद झाला होता. तू भाकरी थापत होतीस. थापता थापता म्हणालीस, "थांब जरा. पानी आलंय. मानसं यायला येळ लागतो."

आणि त्यातही तुझ्याकडं एक गोष्ट होती. ओढ्याला पाणी राहिलं म्हणून आपल्या विहिरीला झरा टिकला, आणि यंदा पहिल्यांदा तुझा महादू तोडीला गेला नाही. तो आणि तुझी सून मंगल, दोघं इथंच राहिले. रानात हरभरा आहे, गहू आहे. तू ते मला कधी तोंडावर फेकलं नाहीस. फक्त मंगल हिरव्या हरभऱ्याचे डहाळे घेऊन अंगणात आली की तू माझ्याकडं बघायचीस, आणि मग दुसरीकडं. आणि माझी ती बांधावरची निर्गुडी, तीही त्याच झऱ्यावर जगतेय. हे मला माहीत होतं, तुलाही माहीत होतं.

पण बाया परत यायच्या आणि पाला लागायचाच. गावचा ओढा संपला तसं तू लांब जायला लागलीस. सिरसाळ्याच्या वाटेवर नदीच्या वळणाला जाळी शिल्लक होती. आदल्या दिवशी आवतनाला एक खेप, दुसऱ्या दिवशी न्यायला एक खेप. परत यायचीस तेव्हा डोक्यावर गाठोडं आणि कंबर अशी वाकलेली की आधी गाठोडं दिसायचं आणि मग तू. "एवढी बांधावर असताना!" मी ओरडायचे. तू पाणी प्यायचीस, ओठ पुसायचीस आणि चूल पेटवायला बसायचीस.

एकदा तू गाठोडं टाकलंस आणि तुला सरळच होता येईना. दाराच्या चौकटीला धरून तशीच उभी. मी म्हणाले, "हंडाभर पाला तुमीच आणलाय. तुमी घ्या की आधी शेकून."

"आपलं नाव आपुन कसं सांगावं? स्वतासाठी आवतन देत न्हाईत. दुसऱ्यानं द्यायचं असतं."

"मग सगळ्या गावाला आणता, आणि तुमची निर्गुडी तुमच्याच कामाची नाही?"

"न्हाई," तू म्हणालीस आणि हसलीस. आणि लंकाला हाक मारलीस, ये गं, पाणी उकळलं.

अशी कशी रीत, बाई? आणि रीत होती तर कुणाला सांगायचं तरी! 'माझ्यासाठी जा' एवढं दोन शब्दांचं वाक्य. ग्रामसभेत अख्ख्या गावाला गप्प करणारी तू, आणि हे तेवढं तुझ्या तोंडातून निघालं नाही. तुझा मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर ह्याचा. खोदण्याचा नाही.

त्या दिवशी सकाळी मंगल चहा घेऊन आली आणि तू उठली नाहीस. डॉक्टर म्हणाले, हृदय. सगळ्यांनी माना हलवल्या. पण बाई, गाव रिकामं होतं. घराघराला कुलपं. तिरडीला खांदे मिळेनात. महादू एकीकडं, त्याचे चुलते एकीकडं, बापूराव मेंढरं सोडून धावत आले, आणि चौथ्या खांद्याला माणूस शोधायला शेजारच्या वस्तीवर फोन करावा लागला. तोवर तू अंगणात, जिथं तुझा हंडा असायचा तिथंच, निजलेली. मी तुझ्या उशाशी बसले होते आणि मनातल्या मनात तुला म्हणत होते, कुठंयत तुझी माणसं? येळ लागतो म्हणालीस ना? किती येळ? मेलेल्या माणसाशी असं बोलू नये. मी बोलले.

फडातनं लंकानं व्हिडिओ कॉल लावला. मागं जळलेल्या पाचटाची काळी जमीन, तिच्या तोंडावर काजळी. ती तुला बघत राहिली. मग मुकादमाची हाक आली तशी घाईघाईनं म्हणाली, "ताई, आता पाडव्याला आमच्या कमरा कुनी बघाव्या?" फोन बंद झाला. ते सगळ्यांनी ऐकलं आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्याकडं का बघावं? मी तर त्या रीतीला आयुष्यभर हसत आले.

मग तेराव्याच्या पंगतीत बापूराव जेवताना थांबले. मला म्हणाले, "वैनी, एक सांगू का? गयाआक्का गेल्या ना, त्येच्या आदल्या दिवशी तुमच्या हिरीच्या बांधावर आलत्या."

मी वाढायचं भांडं खाली ठेवलं.

"मावळतीला. मी मेंढरं घिऊन चाल्लोतो. त्या निर्गुडीपशी बसल्या. मला म्हनल्या, बापू, जरा तोंड फिरव, आवतन द्यायचंय. मी म्हनलं, आक्का, ही तर लावलेली हाय, हिला कावून? तर हसल्या. म्हनल्या, लांब जायला आता मला कंबर न्हाई, आन शकूच्या गुडघ्याला दम न्हाई."

"माझ्या?"

"तुमचंच नाव घेतलं की त्यांनी. उद्या सकाळी न्यायला येते, शकूच्या गुडघ्यासाठी, असं. म्या कानानं ऐकलं."

बाई, माझा गुडघा मी कुणालाच सांगितला नव्हता. नवऱ्यालाही नाही. अंगणवाडीच्या पायऱ्या चढताना मी भिंतीला हात लावायचे, तोही कुणी बघत नाही असं बघून. तू कधी बघितलंस? आणि बघून काही बोलली नाहीस, सरळ तांदूळ घेऊन निघालीस. माझ्याच झाडाला, माझ्याच नावानं.

मी बापूरावांना पुन्हा पुन्हा विचारलं, "हसल्या म्हणजे कशा हसल्या? हरल्यासारख्या, का मला चिडवल्यासारख्या?" ते बिचारे भात कालवत म्हणाले, "आता हसन्याचं काय सांगावं वैनी. हसल्या." मला ते हवं होतं. मला कळायला हवं होतं की तू माझं म्हणणं मान्य केलंस, का नाइलाजानं गेलीस. लावलेलीही गुण देते असं तुला शेवटी वाटलं, का गुडघ्याची घाई म्हणून तू तुझी रीत मोडलीस. आता हे कधीच कळणार नाही. ओढ्याचंही नाही. महादू घरी राहिला हे बघितलं की वाटतं तू बरोबर होतीस. ती कुलपं आठवली, लंकाचं काजळलेलं तोंड आठवलं की वाटतं मी. आणि दोन्ही वेळा तुला जाऊन सांगावंसं वाटतं आणि भिंतीपलीकडं कुणी नसतं. माझ्याशी एवढं नीट भांडणारं दुसरं माणूस मला ह्या घरात मिळालं नाही. ह्याचे उपकार मानायचे राहिले, ते आता मानते.

गेले दोन दिवस एकच गोष्ट मनाला कुरतडतेय. आवतन दिलेल्या झाडाला दुसऱ्या दिवशी न्यायलाच पाहिजे, हे तूच म्हणायचीस. जेवायला बोलवून दार बंद करून घेतल्यासारखं होतं म्हणे. आणि ते झुडूप तुझी वाट बघत उभं होतं, तू अंगणात निजली होतीस तेव्हाही, आम्ही सतरंज्या मोजून देत होतो तेव्हाही. मी विश्वास ठेवत नाही अशा गोष्टींवर. तरी मला झोप लागली नाही. आज दुपारी जाऊन आले ती त्यासाठीच, आणि तांदूळ गेलेले बघून तशीच माघारी फिरले. माझ्यासाठी पाला मला तोडता येत नाही, स्वतःचं नाव स्वतः घेता येत नाही. मंगल म्हणाली, "चुलती, मी देते की आवतन तुमच्या गुडघ्यासाठी. आत्यांनी मला दावलंय समदं." मी म्हटलं, दे गं, पण परवा दे. त्याच्या आधी एकाचं राहिलंय.

मघाशी मावळतीला तुझ्याच डब्यातले तांदूळ घेऊन बांधावर गेले. बसायला वेळ लागला. हळदकुंकू तुझ्या हळदकुंकवाशेजारी ठेवलं. तांदूळ ठेवले. लाज वाटत होती, खोटं नाही बोलत. रस्त्यानं कुणी जात नाही ना, हे चारदा बघितलं. झाडाशी काय बोलायचं असतं? मग तुझं ते वाक्य आठवलं, अंगणवाडीतल्या पोरांचं. मी पोरांशी बोलते तशी मोठ्यानं, स्पष्ट बोलले. "उद्या सकाळी न्यायला येते," मी म्हणाले. "गयाबाईच्या कमरेसाठी."

शेकायला आता कंबर नाही, हे मला कळतं. तरी उद्या पाला आणणार आहे. तुझ्या हंड्यात, तुझ्या तीन दगडांवर उकळणार आहे. जिच्यासाठी आयुष्यात एकदाही आवतन गेलं नाही, तिचं एक जाऊ दे. मग परवा मंगल माझं देईल, आणि पाडव्याला लंका आली की तिचं मी देईन. लांबच्या जाळीपर्यंत माझा गुडघा नेईल का नाही, ठाऊक नाही. बांधावरची गुण देते का नाही, तेही पाडव्यालाच कळेल.

उठायला गेले आणि गुडघा आखडला. हाताला दुसरं काही नव्हतं, म्हणून निर्गुडीलाच धरलं. माझं सगळं ओझं तिच्यावर आलं आणि ती वाकली, पार शेंडे मातीला टेकेपर्यंत आडवी झाली. मला वाटलं मोडली. मी कशीबशी उभी राहिले आणि फांद्या सोडल्या. तशी तीही उभी राहिली, बाई. आपली आपण.